धुक्यातील गोलरक्षक

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. परंतु त्यांपैकी दहाच खेळतात आणि अकरावा नुसता उभा राहतो, अशी लहानपणी माझी समजूत होती. हा अकरावा गडी म्हणजे गोलरक्षक. शाळेत असताना हे काम माझ्या वाट्याला आले, ते माझ्या अंगच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे. मला वेगाने पळता येत नसे, चेंडू पायात खेळवता येत नसे. उंची मात्र बरोबरीच्या मुलांपेक्षा वीतभर जास्त होती. आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला एकदा नखशिखांत न्याहाळले, क्षणभर विचार केला आणि हाताला धरून दोन खांबांच्या मधोमध नेऊन उभे केले. माझ्या फुटबॉलच्या आयुष्याला आरंभ झाला तो असा.

आमचे गाव कोल्हापूर. फुटबॉल म्हणजे काय हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी नावे ऐकून परगावच्या माणसाला वाटावे की येथे फक्त कुस्त्या होत असतील. परंतु ह्याच तालमींच्या नावांनी तेथे फुटबॉलचे संघ चालतात, आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने असले म्हणजे पेठाच्या पेठा रस्त्यावर येतात. बापाची जी तालीम तीच मुलाची. एखादा नावाजलेला खेळाडू एक तालीम सोडून दुसरीकडे गेला, तर त्याची चर्चा चौकाचौकांत कित्येक दिवस चालत असे. मोठी माणसे त्या खेळाडूविषयी ज्या स्वरात बोलत, तो स्वर अजून माझ्या कानांत आहे. घर सोडून गेलेल्या मुलाविषयी बोलावे तसा तो असे.

अशा गावात मी गोलात उभा राहू लागलो. आणि एके दिवशी तेथून पळालो.

शाळांचे सामने पावसाळ्यात होत. त्या दिवशी मध्यंतरानंतर पावसाने असा काही जोर धरला की मैदानाचे दुसरे टोक दिसेनासे झाले. आमचा संघ चांगला खेळत होता. चेंडू सारखा प्रतिपक्षाच्या गोलाजवळ होता. तिकडून मुलांचा ओरडा तेवढा ऐकू येई. माझ्याकडे कोणी फिरकत नव्हते. सदरा अंगाला चिकटला, दात वाजू लागले. गोलामागे पंधरावीस पावलांवर चिंचेचे एक मोठे झाड होते. इतक्या पावसात पंचांनी सामना थांबवलाच असेल, असे मी मनाशी म्हणालो. खरे सांगायचे तर मला तसे वाटत नव्हते. मला तसे वाटून घ्यायचे होते. मी चिंचेखाली जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात त्या पांढऱ्या पडद्यातून चेंडू आला. कोणीतरी लांबून नुसताच पुढे टोलवलेला, मागे पाठलाग करणारा एकही गडी नसलेला चेंडू. चिखलात तो अडखळला, थबकला, पुन्हा सरकला. मी धावलो, परंतु माझ्या डोळ्यांदेखत तो रिकाम्या चौकटीत शिरला आणि पलीकडच्या डबक्यात जाऊन थांबला. त्या एका गोलाने आम्ही सामना हरलो. क्रीडाशिक्षक रागावतील असे वाटले होते. ते एक अक्षरही बोलले नाहीत. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हाती दिला आणि डोके पुसायला सांगितले.

पुढे पुष्कळ वर्षांनी सॅम बार्ट्रम या इंग्रज गोलरक्षकाची हकीकत माझ्या वाचनात आली. ती वाचत असताना मला चिंचेच्या पानांवरून ठिबकणारे पाणी पुन्हा मानेवर पडल्यासारखे वाटले. त्या माणसाविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात आहे.

बार्ट्रमचा जन्म २२ जानेवारी १९१४ रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागात, डरहॅम परगण्यात झाला. टाइन नदीच्या मुखाजवळ जॅरो आणि साउथ शील्ड्स ही गावे आहेत. त्या मुलखात त्या काळी जहाजे बांधली जात आणि जमिनीच्या पोटातून कोळसा काढला जाई; तिसरा धंदा सहसा नसे. शाळा सुटल्यावर सॅमही खाणीत कामाला लागला. उरलेल्या वेळात तो गावोगावच्या हौशी संघांतून फुटबॉल खेळे, परंतु गोलरक्षक म्हणून नव्हे. कधी तो आघाडीच्या मध्यभागी खेळे, कधी मधल्या फळीत. १९३४ साली बोल्डन व्हिला नावाच्या गावच्या संघाला एका चषकाचा अंतिम सामना खेळायचा होता आणि ऐन वेळी त्यांच्याकडे गोलरक्षक नव्हता. कोणीतरी उभे राहायला हवे होते. सॅम उभा राहिला.

योगायोग असा की, त्या दिवशी प्रेक्षकांत अँथनी सीड नावाचे गृहस्थ होते. लंडनच्या चार्लटन अ‍ॅथलेटिक या संघाचे व्यवस्थापक जिमी सीड यांचे हे भाऊ. जिमी सीड स्वतः ह्याच मुलखातले आणि एके काळचे खाणकामगार. खाणीच्या वस्तीतल्या पोरांत काय ताकद असते हे त्यांना ठाऊक होते, आणि चार्लटनचे कित्येक खेळाडू त्यांनी तिकडूनच वेचून आणले होते. भावाच्या सांगण्यावरून त्यांनी ह्या तांबड्या केसांच्या तरुणाला लंडनला बोलावून घेतले. बदली म्हणून गोलात उभा राहिलेला हा पोरगा पुढे बावीस वर्षे त्याच संघाच्या गोलात उभा राहील, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते.

चार्लटन तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होते. १९३५ साली ते त्या श्रेणीत पहिले आले. १९३६ साली दुसऱ्या श्रेणीतून वर चढले. आणि १९३७ साली, पहिल्या श्रेणीतल्या आपल्या पहिल्याच मोसमात, मँचेस्टर सिटीच्या खालोखाल दुसरे आले. तीन मोसमांत एवढी चढण क्वचितच कोणी चढले असेल. ह्याच सुमारास, ऑक्टोबर १९३६ मध्ये, जॅरोचे दोनशे बेकार कामगार आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी सुमारे साडेचारशे किलोमीटर पायी चालत लंडनला आले होते. गावचा जहाजांचा कारखाना बंद पडला होता आणि दुसरे काम नव्हते. त्या काळी फुटबॉलच्या खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड मिळत. आज ही रक्कम हास्यास्पद वाटते. मात्र गावाकडची माणसे भुकेपायी रस्त्याने चालत येत असताना त्या आठ पौंडांकडे सॅमने कोणत्या दृष्टीने पाहिले असेल, ह्याची कल्पना करता येते.

गोलरक्षकाचे काम त्या वेळी आजच्यापेक्षा बरेच अधिक धोक्याचे होते. आज त्याच्या अंगाला प्रतिपक्षाचा धक्का लागला तर पंचांची शिट्टी वाजते. तेव्हा हातात चेंडू असलेल्या गोलरक्षकाला खांद्याने ढकलून चेंडूसकट गोलात लोटणे नियमाला धरून होते. राखीव गडी नसत. हात मोडला तरी संघाने दहा जणांवर भागवायचे. जिमी थॉर्प हा जॅरोचाच तरुण सन्डरलंडच्या संघाचा गोलरक्षक होता. सॅमहून तो काही महिन्यांनीच मोठा. १ फेब्रुवारी १९३६ रोजी झालेल्या एका सामन्यात, छातीशी चेंडू कवटाळून तो जमिनीवर पडलेला असताना, त्याला लाथा बसल्या. त्याने सामना पुरा केला. चौथ्या दिवशी तो मरण पावला. त्याला मधुमेहाचाही विकार होता. परंतु ह्या मृत्यूनंतरच, गोलरक्षकाच्या हातातील चेंडूवर पाय उगारू नये असा नियम करण्यात आला. त्या मोसमात सन्डरलंडने अजिंक्यपद मिळवले, आणि थॉर्पचे पदक त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आले. हे सारे ठाऊक असूनही सॅम बार्ट्रम चौकट सोडून पुढे धावत येई, आघाडीच्या गड्याच्या पायांवर झेप घेई, आणि कधी कधी तर स्वतःच चेंडू पायाने खेळवत मैदानात निघे. मूळचा आघाडीचा गडी तो! लोकांना ते फार आवडे. त्याच्या बचावाच्या गड्यांना मात्र तितकेसे आवडत नसावे.

आता त्या धुक्याची गोष्ट सांगतो.

२५ डिसेंबर १९३७. नाताळच्या दिवशीही तेव्हा इंग्लंडमध्ये फुटबॉलचे सामने होत. चार्लटनचा संघ पश्चिम लंडनमध्ये चेल्सीच्या मैदानावर खेळायला गेला होता. सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात धुके उतरू लागले. पलीकडच्या गोलात चेल्सीचा व्हिक वुडली उभा होता. प्रथम तो दिसेनासा झाला. मग धुके मैदानावरून हळूहळू सॅमकडे सरकू लागले. पंचांनी एकदा खेळ थांबवला, थोडे उजाडल्यासारखे वाटताच पुन्हा सुरू केला. दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. उत्तरार्धात चार्लटनचा जोर वाढला. सॅमच्या समोरून त्याचे गडी पुढे पुढे जात राहिले आणि एकेक करून त्या करड्या भिंतीत विरून गेले.

सॅम एकटा राहिला. आपला संघ प्रतिपक्षाला त्याच्याच गोलाजवळ कोंडून धरून आहे, असा त्याचा समज झाला, आणि त्याला मोठे समाधान वाटले. थंडी मी म्हणत होती. अंगात ऊब राहावी म्हणून तो गोलरेषेवर ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझारा घालू लागला. अधूनमधून चार पावले पुढे जाऊन डोळे ताणून पाही. काही दिसत नसे. आपल्या गड्यांनी गोल केला असता तर ते परत येताना दिसले असते; तेव्हा गोल झालेला नाही, परंतु जोर आपलाच आहे, असे अनुमान बांधून तो पुन्हा आपल्या जागी जाई. बऱ्याच वेळाने धुक्यातून एक आकृती त्याच्या दिशेने येऊ लागली. सॅम सावध झाला. जवळ आल्यावर पाहतो तो पोलिस! पोलिसाने आश्चर्याने त्याला विचारले की, बाबा रे, तू येथे काय करतोस? सामना थांबून पाव तास झाला. मैदानावर चिटपाखरूही नाही.

चाचपडत सॅम खेळाडूंच्या खोलीपर्यंत पोहोचला, तेव्हा बाकीचे सारे कपडे बदलून बसले होते. त्याला पाहून त्यांना हसू आवरेना. ही हकीकत सॅमने स्वतःच १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि स्वतःवर हसतच सांगितली आहे.

धुक्याविषयी येथे थोडे सांगायला हवे. आपल्याकडे माघ महिन्यात पहाटे शेतांवर तरंगते ते हे धुके नव्हे. लंडनच्या लाखो घरांतून आणि कारखान्यांतून कोळसा जळत असे. त्याचा धूर हिवाळ्याच्या दमट, निश्चल हवेत कोंडला म्हणजे काळपट पिवळा, घशाला झोंबणारा पडदा शहरावर उतरे. डिसेंबर १९५२ मध्ये असे धुके पाच दिवस राहिले आणि त्यात हजारो माणसे मेली. अखेर १९५६ साली हवा स्वच्छ राखण्यासाठी तेथे कायदा झाला. खाणीतून निसटलेल्या ह्या तरुणाला कोळशाने लंडनमध्ये येऊन गाठले होते, असे म्हटले तरी चालेल. तसा तो खाणीतून पुरता निसटलाही नव्हता! कारण चार्लटनचे मैदान हीसुद्धा एके काळी खाणच होती. ओसाड पडलेला तो खड्डा १९१९ साली लोकांनी स्वतः राबून, माती उपसून सपाट केला आणि त्याला नाव दिले ‘व्हॅली’, म्हणजे दरी. त्या दरीच्या उतारांवर १२ फेब्रुवारी १९३८ रोजी एका सामन्यासाठी ७५,०३१ माणसे दाटीवाटीने उभी होती. ज्याला चेल्सीच्या मैदानावर एकही माणूस दिसला नव्हता, त्याला दोनच महिन्यांनी एवढ्या डोळ्यांपुढे उभे राहावे लागले.

मग महायुद्ध आले. पंचवीस ते बत्तीस ही गोलरक्षकाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे. सॅमची ती वर्षे नेमकी युद्धात गेली. तो हवाई दलात होता. नेहमीच्या स्पर्धा बंद होत्या. जो जेथे नेमणुकीवर असेल तेथील संघाकडून पाहुणा म्हणून खेळे, आणि सॅमही तसा खेळला. युद्ध संपल्यावर १९४६ साली चार्लटन एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचले. समोर डर्बी काउंटीचा संघ, आणि त्यांच्या गोलात कोण? तोच व्हिक वुडली, धुक्यात हरवलेला! या वेळी वेंब्लीवर दोघांना एकमेकांचे तोंड दिसत होते. नव्वद मिनिटांत एकेक गोल झाला, आणि तोही कसा: चार्लटनच्या बर्ट टर्नरकडून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला, आणि लगेच दुसऱ्या मिनिटाला त्यानेच समोरच्या गोलात मारून परतफेड केली. जादा वेळात मात्र डर्बीने तीन गोल चढवले. पुढच्याच वर्षी चार्लटन पुन्हा वेंब्लीवर आले. बर्न्लीविरुद्ध नव्वद मिनिटे कोरी गेली, जादा वेळही सरत आला, आणि एकशेचौदाव्या मिनिटाला ख्रिस डफीने गोल मारला. आदल्या वर्षी चार गोल खाल्लेल्या सॅमने या वेळी एकही गोल होऊ दिला नव्हता. चार्लटनने जिंकलेला एफ.ए. चषक तो हाच.

इतके असून इंग्लंडच्या संघातर्फे अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात तो एकदाही खेळला नाही. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गोलात बहुधा व्हिक वुडली असे. युद्धानंतर मँचेस्टर सिटीचा फ्रँक स्विफ्ट आला. दोघेही थोर गोलरक्षक. इंग्लंडची टोपी न मिळालेला सर्वांत चांगला गोलरक्षक, असे सॅमचे वर्णन केले जाते. ह्या वर्णनात गौरव किती आणि दुखणे किती, हे ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते संघनिवड करणारे धास्तावले असावेत ते त्याच्या पुढे धावण्याला. निवड करणाऱ्या मंडळींना सहसा असा गोलरक्षक हवा असतो, ज्याच्यामुळे त्यांची झोप उडणार नाही. ते असो. १९५४ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वर्षातील उत्कृष्ट खेळाडूच्या निवडीत टॉम फिनीच्या खालोखाल सॅमला मते पडली. चाळिसाव्या वर्षी चिखलात उड्या मारणाऱ्या माणसाला ही सलामी थोडी नव्हे.

चार्लटनकडून तो एकंदर ६२३ सामने खेळला. त्या संघात हा आकडा कोणीही ओलांडलेला नाही. युद्धकाळातील सामने ह्यात धरलेले नाहीत.

त्याच्या एकनिष्ठेविषयी लिहिताना मला एक शंका नेहमी अडवते, आणि ती वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये खेळाडूला आपल्या मर्जीने संघ बदलता येत नसे. करार संपला तरी संघाने सोडल्याखेरीज त्याला दुसरीकडे जाता येत नव्हते. शिवाय जास्तीत जास्त वेतनाची मर्यादा सगळ्यांना सारखीच. तेव्हा मोठ्या संघात जाऊन मिळकत फारशी वाढणार नसे. ही वेतनमर्यादा १९६१ साली उठली, आणि बदलीचे जाचक नियम १९६३ साली न्यायालयाने मोडून काढले. सॅम त्यापूर्वीच निवृत्त झाला होता. मग ज्या पक्ष्याला पिंजऱ्याचे दारच उघडे मिळाले नाही, त्याच्या निष्ठेचे कौतुक कसले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एकाच संघात बावीस वर्षे राहिला एवढ्यावरून मी त्याला एकनिष्ठ म्हणणार नाही. त्याच नियमांखाली कितीतरी खेळाडू कुरकुरत राहिले. परंतु त्या नाताळच्या दिवशी पाव तास त्याला गोलरेषेवर कोणत्या कराराने धरून ठेवले होते? पाहणारे कोणी नव्हते. व्यवस्थापक नव्हते, पंच नव्हते, प्रेक्षक नव्हते. आणि ज्यांच्यासाठी उभे राहायचे ते दहा जण तर गरम पाण्याने अंग धूत होते. चिंचेचे झाड त्यालाही सापडले असते.

मार्च १९५६ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने चार्लटन सोडले आणि यॉर्क सिटी या संघाचा व्यवस्थापक म्हणून तो उत्तरेकडे गेला. छोटा संघ, परंतु आदल्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीत असूनही एफ.ए. चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचलेला, त्यामुळे गावाच्या अपेक्षा वाढलेल्या. १९५८ साली खालच्या श्रेणींची नवी मांडणी झाली आणि यॉर्क चौथ्या श्रेणीत गेले. पहिल्याच मोसमात सॅमने त्यांना तेथून वर काढले. पण वर्षभरातच ते पुन्हा खाली आले. १९६० साली तो ल्यूटन टाउनकडे गेला, तेथे दोन वर्षे राहिला, आणि मग व्यवस्थापकाचे काम त्याने कायमचे सोडले. पुढे तो ‘द पीपल’ या वृत्तपत्रात फुटबॉलवर लिहू लागला.

चार्लटनला बावीस आणि नंतरच्या दोन संघांना मिळून सहा वर्षे! चांगला गोलरक्षक चांगला व्यवस्थापक होईलच असे नाही, एवढेच म्हणून मी पूर्वी हे पान उलटत असे. अलीकडे मला वेगळे वाटते. गोलरक्षक मैदानावर सर्वांच्या मागे उभा असतो. सगळा खेळ त्याच्यापुढे पसरलेला असतो, आणि चूक कोणाचीही असो, ती निस्तरायला शेवटी त्याचे हात असतात. व्यवस्थापकालाही तसेच सारे दिसते, परंतु त्याचे हात मैदानाच्या बाहेर असतात. आपल्या संघाच्या गोलाकडे चेंडू येताना पाहून बाकावर बसलेल्या सॅमच्या अंगाला केवढी ओढ लागत असेल!

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. सॅमने चार्लटन सोडल्यावर सहाच महिन्यांनी, सप्टेंबर १९५६ मध्ये, जिमी सीड यांचे व्यवस्थापकपद गेले. मोसमाचा आरंभ पराभवांनी झाला होता, आणि तेवीस वर्षांची सेवा तेवढ्याने संपली. सॅमने आणखी अर्धे वर्ष वाट पाहिली असती, तर कदाचित ती खुर्ची त्याला मिळाली असती. ती दुसऱ्याला मिळाली. त्या मोसमात चार्लटनच्या गोलात शंभराहून अधिक चेंडू गेले आणि संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. परत वर यायला त्यांना जवळजवळ तीस वर्षे लागली.

सॅम १७ जुलै १९८१ रोजी वारला. पुढे काही वर्षांतच चार्लटनवर मोठे संकट आले. १९८५ साली पैशांच्या आणि जागेच्या तंट्यामुळे त्यांना व्हॅली सोडावी लागली. संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर बिऱ्हाडकरूसारखा खेळू लागला आणि व्हॅलीच्या पायऱ्यांवर गवत माजले. तेव्हा पाठीराख्यांनी एक अपूर्व गोष्ट केली. मैदान परत मिळावे एवढ्या एकाच मागणीसाठी त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि १९९० च्या नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवार उभे केले. त्यांना १४,८३८ मते मिळाली. ५ डिसेंबर १९९२ रोजी संघ आपल्या घरी परतला. एकाच खेळाडूने नव्हे, तर साऱ्या वस्तीनेच गोलरेषा सोडायचे नाकारले होते. आमच्या कोल्हापूरच्या पेठांतील म्हाताऱ्यांना हे सांगितले असते, तर त्यांना त्यात नवल असे काही वाटले नसते.

व्हॅलीच्या बाहेर २००५ साली, संघाच्या शंभराव्या वर्षी, सॅम बार्ट्रमचा पुतळा उभारण्यात आला. तो नऊ फूट उंच आहे.

आणि माझे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. त्या पावसातल्या सामन्यानंतर गोलात आता दुसरा मुलगा येणार, अशी माझी खात्री होती, आणि खरे तर मला तेच हवे होते. पुढच्या शनिवारी क्रीडाशिक्षकांनी नावे वाचून दाखवली. अकरावे नाव माझे होते. मी त्यांच्याकडे पाहिले, पण त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. त्या दिवशी पाऊस नव्हता. लख्ख ऊन पडले होते आणि चिंचेची सावली गोलाच्या खांबापर्यंत आली होती. उत्तरार्धात चेंडू माझ्याकडे फक्त एकदा आला, आणि तोही खांबाला चाटून बाहेर गेला. पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली, मुले मैदानाबाहेर निघाली, तरी मी थोडा वेळ तेथेच होतो. शेवटी सरच मैदान ओलांडून आले आणि सामना संपला आहे, असे त्यांनी मला सांगितले.